प्रोटोटाइपची साखळी वाचायला क्रोमचं कन्सोल: उत्तम, पण लेबलांवर विसंबू नका

जावास्क्रिप्टमधलं इनहेरिटन्स, म्हणजे एका ऑब्जेक्टला दुसऱ्याकडच्या मेथड (त्यावरची फंक्शनं) कशा वापरायला मिळतात ते, समजून घ्यायचं तर वेगळं काही विकत घ्यायला किंवा इन्स्टॉल करायला नको. क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्समधलं, कोड लिहून चालवून बघायचं कन्सोल त्यासाठी पुरेसं आहे. फक्त ते काय दाखवतंय हे नीट वाचता यायला हवं, आणि एका जागी ते चांगलंच चकवतं.

एफ१२ दाबून कन्सोल उघडा आणि दोन क्लास लिहा: 'चालव' ही मेथड असलेला वाहन, आणि त्यालाच एक्स्टेंड करून 'मीटर' ही मेथड असलेला रिक्षा. (क्लासची नावं देवनागरीत दिली तरी चालतात.) न्यू वापरून एक रिक्षा तयार करा आणि बाणावर क्लिक करत आत शिरा. दुहेरी चौकोनी कंसातली प्रोटोटाइपची (म्हणजे ज्याच्याकडे मेथड शोधली जाते त्या वरच्या ऑब्जेक्टची) ओळ दिसेल, तिच्या आत पुढची, तिच्या आत आणखी एक. मेथड ऑब्जेक्टमध्ये कॉपी होत नाही; ऑब्जेक्टवर सापडली नाही की इंजिन एकेक पायरी वर शोधत जातं आणि नल (म्हणजे 'काही नाही') आला की थांबतं. २०१५ मध्ये आलेल्या क्लास सिंटॅक्समुळे हे सगळं नजरेआड गेलं. इथे ते उघडं दिसतं.

आता चकवा. रिक्षाच्या ऑब्जेक्टमध्ये प्रोटोटाइपच्या पहिल्याच ओळीसमोर नाव दिसतं 'वाहन'. नवशिक्याला वाटतं, मधली रिक्षाची पायरी गळाली. ती गळालेली नसते. ती ओळ म्हणजे रिक्षा.प्रोटोटाइपच आहे, पण ते स्वतः वाहन.प्रोटोटाइपपासून बनलेलं ऑब्जेक्ट असल्यामुळे कन्सोल त्याला वाहनाचं नाव लावतं. त्याच्या वरच्या पायरीवर, म्हणजे वाहन.प्रोटोटाइपवर, नुसतं 'ऑब्जेक्ट' दिसतं. म्हणून लेबल सोडा आणि आतली 'कन्स्ट्रक्टर' ही, मूळ क्लास किंवा फंक्शन सांगणारी ओळ वाचा. क्लासमध्ये ती बरोबर असते. जुन्या पद्धतीच्या कोडमध्ये, जिथे ऑब्जेक्ट.क्रिएट वापरून फंक्शनचा प्रोटोटाइप बदललेला असतो, तिथे कन्स्ट्रक्टर पुन्हा लावायचा राहिला तर तो वरच्याच फंक्शनकडे बोट दाखवतो. आपली खरी चूक अशी तिथल्या तिथे सापडते.

प्रोटोटाइपवर ठेवलेला ॲरे (यादी) ही नेहमीची डोकेदुखी. एका ऑब्जेक्टवरून पुश केलं की सगळ्यांकडे बदल दिसतो, कारण ॲरे एकच आहे. नवा ॲरे असाइन केला तर मात्र त्या ऑब्जेक्टवर स्वतःची प्रॉपर्टी तयार होते आणि वरची झाकली जाते. दोन्ही करून साखळी उघडा, फरक लगेच कळतो.

इथे एक जपायला हवं. कन्सोल.लॉगने छापलेलं ऑब्जेक्ट तुम्ही बाणावर क्लिक करून उघडता त्या क्षणी कन्सोल ते वाचतं, लॉग केल्याच्या क्षणी नाही. शेजारचं छोटं 'आय' चिन्ह तेच सांगत असतं. यावर स्ट्रक्चर्डक्लोनचा (ऑब्जेक्टची प्रत काढणाऱ्या फंक्शनचा) उपाय करू नका, त्यात क्लासचा प्रोटोटाइपच गळून जातो. कोडमध्ये डीबगर हा शब्द लिहून तो तिथे थांबवा आणि स्कोपच्या, म्हणजे त्या क्षणीची व्हेरिएबल्स दाखवणाऱ्या, भागात पाहा.

फंक्शन किंवा क्लास तपासताना लॉगऐवजी कन्सोल.डिर वापरा. लॉग नुसता सोर्स छापतो. डिरमध्ये 'प्रोटोटाइप' ही साधी प्रॉपर्टी आणि कंसातला प्रोटोटाइप एकाखाली एक दिसतात. पहिली न्यूने बनणाऱ्या ऑब्जेक्टसाठी, दुसरा खुद्द क्लाससाठी. रिक्षाच्या बाबतीत दुसऱ्यासमोर क्लास वाहन दिसतो, आणि स्टॅटिक मेथड (ऑब्जेक्टवर नाही, थेट क्लासवर असलेल्या) खाली कशा येतात याचं उत्तर तिथेच मिळतं. या दोन गोष्टींतला गोंधळ मिटवण्यासाठी याहून चांगलं साधन नाही. पानावरच्या एखाद्या डिव्हवरही डिर चालवून बघा: एचटीएमएलएलिमेंट, एलिमेंट, नोड, इव्हेंटटार्गेट अशी खरी, लांब साखळी हाती लागते.

क्वेरीऑब्जेक्ट्स हे कन्सोलचं फंक्शन फारसं कुणी वापरत नाही, पण वापरावं. कंसात वाहन दिलं की मेमरीत जिवंत असलेली त्याची ऑब्जेक्ट्स मिळतात, रिक्षाचीसुद्धा. ते फक्त कन्सोलमध्ये चालतं, आपल्या कोडमध्ये नाही.

रिक्षासारख्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये सुपर (वरच्या क्लासचा कन्स्ट्रक्टर) न बोलावता धिसला (चालू ऑब्जेक्टला) हात लावला तर रेफरन्सएरर येते आणि तिचा मजकूर स्पष्ट आहे. मेथड ऑब्जेक्टपासून सुटी करून कॉलबॅक म्हणून (दुसऱ्या फंक्शनने नंतर चालवावी म्हणून) दिली की मात्र नुसतं 'अनडिफाइन्डची प्रॉपर्टी वाचता येत नाही' एवढंच कळतं. साखळी शाबूत असते, हरवलेलं असतं धिस, आणि ते कन्सोल सुचवत नाही.

फायरफॉक्समध्येही साखळी अशीच उघडून पाहता येते. नोड.जेएसच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) टर्मिनलवर ती आपोआप दिसत नाही; तिथे ऑब्जेक्ट.गेटप्रोटोटाइपऑफ पायरीपायरीने चालवावं लागतं.