व्हिएन्नातील काफे झाखर : परदेशातला वाढदिवस

प्रवासात नुकत्याच ओळख झालेल्या मंडळींसोबत वाढदिवस साजरा करायचा असेल, तर व्हिएन्नाच्या ऑपेरागृहामागील हॉटेल झाखरमधल्या या काफेची मी मनापासून शिफारस करेन. 1832 मध्ये ऑस्ट्रियाचा तेव्हाचा चान्सलर मेटरनिख याच्या मेजवानीसाठी फ्रान्झ झाखर या सोळा वर्षांच्या शिकाऊ आचाऱ्याने जो केक केला असे सांगतात, तो 'झाखरटोर्ट' येथे मिळतो; हॉटेल मात्र त्याच्या मुलाने, एडुआर्डने, 1876 मध्ये काढले. चॉकलेटच्या घट्ट थराखाली जर्दाळूचा आंबटगोड मुरंबा असतो आणि सोबत बिनसाखरेचे फेटलेले क्रीम येते. आपल्याकडच्या मऊ क्रीम केकची सवय असणाऱ्यांना तो प्रथम कोरडा वाटेल, म्हणून प्रत्येक घास क्रीमबरोबरच घ्यावा. केकमध्ये अंडी असतात, हे शाकाहारी मित्रांना आधीच सांगावे. सोबत मेलांज, म्हणजे फेसाळ दूध घातलेली कॉफी, मागवावी. व्हिएन्नाच्या काफेंत कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास येतो आणि निवांत बसण्याची जुनी रीत आहे. अनोळखी माणसांना एकमेकांच्या घरच्या वाढदिवसांच्या आठवणी सांगायला यापेक्षा चांगली सोय नाही. दर चढे आहेत, तरी मला ते योग्य वाटले. गर्दीमुळे टेबल आधी राखून ठेवावे.