खाण्यासाठी ल्यों की नीस?

भाचीला पॅरिसनंतर चार दिवस फक्त खाण्यासाठी काढायचेत, पण शहर ठरत नाहीये.

प्रवासात ल्यों सरळ जिंकतं: तेजेव्हे (TGV) या वेगवान रेल्वेने दोन तास. नीसला जवळजवळ सहा.

खाणं मात्र दोन टोकांचं. ल्योंच्या 'बुशों' खाणावळींत लोणी, साय आणि वजडी. आंदुइयेत म्हणजे आतड्यांचं सॉसेज. सुरी लावली की वास आधी पोचतो. पाइक माशाची मऊ कनेल (मुटक्यासारखा प्रकार) चुकवू नये. शाकाहाऱ्याला 'सर्व्हेल द कान्यू' (अर्थ विणकराचा मेंदू, घाबरू नका, ताजं चीज असतं) आणि गुलाबी प्रालिनचा (साखरेत घोळवलेल्या बदामांचा) टार्ट. फार पर्याय नाहीत.

नीसमध्ये ऑलिव्ह तेलाचं राज्य. सोक्का म्हणजे आपलं बेसनाचं धिरडंच, पण मोठ्या तांब्याच्या परातीत, लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. कडा करपलेल्या, वर मिरपूड, हातानेच खायचं. पिसालादिएर म्हणजे कांदा पसरून भाजलेला पिझ्झासारखा पाव, त्यात अँचोव्ही मासा असतो, विचारून घ्या. कूर सालेयाच्या बाजारात सोमवारी भाजीऐवजी जुन्या वस्तू मांडतात.

खर्च? ल्योंत बसूनच जेवायचं, म्हणून दुपारचा ठरावीक मेनू गाठावा. नीसमध्ये उभ्याउभ्या पोट भरतं.

शाकाहारी असाल, लेकरं बरोबर असतील किंवा हात आखडता असेल, तर नीस. वजडी चवीने खाणाऱ्या भाचीला मी ल्योंच सांगितलं.