मडगार्ड कापल्यावर उघडी कड: रंग, बीडिंग की दुमड?

मोठे टायर घासतात म्हणून मडगार्ड कापणं ग्राइंडर हातात असला की लवकर उरकतं. खरं काम त्यानंतरचं. कापलेल्या कडेवर कंपनीचा रंग उरत नाही, जस्ताचा थर उरत नाही, शिवाय ग्राइंडरच्या उष्णतेने आजूबाजूचाही थोडा जळतो. थार, बोलेरोवाले इथे नाशकात भरपूर, आणि या गाड्या पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडे निघतातच. पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. गंजाला फार वेळ लागत नाही.

रंग, बीडिंग (कडेवर बसणारी रबरी पट्टी) की दुमड (कड आत वळवणं), हे निवडण्याआधी एवढं बघा, पत्रा पुढचा आहे की मागचा. पुढचं मडगार्ड एकेरी आणि बोल्टवर बसवलेलं असतं. बिघडलंच तर नवीन बसवता येतं. मागे मात्र बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे चाकाच्या कमानीवर एकमेकांना स्पॉट वेल्डने जोडलेले असतात, आणि तो भाग बॉडीचाच असतो. वेल्डच्या वरून कापलंत तर दोन्ही सुटे होतात आणि मधल्या फटीतून चिखल-पाणी आत शिरून खाली उतरतं. तिथे आधी पत्रे पुन्हा वेल्ड करून घ्या, वरून सीम सीलर (सांधा बुजवणारं लुकण) भरा. ‘बीडिंग लावलं की झाकलं जाईल’ असं म्हणणाऱ्या गॅरेजमध्ये मागचं काम देऊ नका.

आता रंग. माझा कौल यालाच आहे, पण नीट केला तर. धारदार कडेवर ओला रंग टिकत नाही, तो कडेपासून मागे ओढला जातो आणि नेमक्या टोकावर थर सर्वांत पातळ पडतो. म्हणून आधी कानस किंवा फ्लॅप डिस्कने धार मोडायची, मग पॉलिश पेपरने दोन्ही बाजू गोलसर करायच्या. आतल्या बाजूला लोक हमखास आळस करतात, आणि गंज तिथूनच सुरू होतो. मग थिनरने पुसून उघड्या पत्र्यावर थेट इपॉक्सी प्रायमर किंवा झिंक प्रायमर. झिंक तर उघड्या लोखंडाला चिकटलं तरच काम करतं, जुन्या रंगावर मारून उपयोग नाही. कडेवर ब्रशने एक जादा हात द्या, त्यावर रंग, आणि आतून अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला मारतात तो जाड थर. डेंटर-पेंटरकडे सहज मिळणारा साधा रेड ऑक्साइड प्रायमर गेटला, खिडकीच्या गजांना ठीक. टायर खडे उडवतो तिथे तो टवके सोडतो. कडेवर लांबी (पुट्टी) तर भरूच नका, ती पाणी धरते. हार्डनर घालून मारायचा रंग असेल तर मारणाऱ्याने कार्बन फिल्टरचा मास्क घालावा. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

रबर बीडिंग दिसायला झकास. मीटरवर मिळतं, आत स्टीलच्या क्लिपा असतात, हाताने दाबून बसतं. हात कापत नाही, ओबडधोबड कटिंगही झाकतं. पण ते गंज थांबवत नाही, उलट खोबणीत पाणी आणि बारीक माती धरून ठेवतं. दिंडोरी-निफाडकडच्या काळ्या रानातला चिखल आत बसला की पाइप मारूनही निघत नाही. मोकळ्या टोकांना आतल्या क्लिपाही गंजतात. घ्यायचंच तर पीव्हीसी नको, ते उन्हाने कडक होतं. ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारं रबर) घ्या, आणि पत्र्याच्या जाडीला बसेल तेच. कड पूर्ण रंगवून, रंग वाळल्यावरच लावा.

तिसरा मार्ग म्हणजे दुमड. सगळा पत्रा उडवून न देता पट्टी शिल्लक ठेवायची, तिला कापे देऊन हातोडीने आत वळवायची. कंपनीची दुमड कापून टाकल्यावर मडगार्ड फडफडतं, ही दुमड त्याला पुन्हा ताठपणा देते. टायर चुकून लागलाच तर त्याच्या बाजूच्या भिंतीला धार लागत नाही, हा मोठा फायदा. तोटा असा की वळणावर रंग तडकतो आणि कापांच्या मध्ये पाणी मुरतं. म्हणजे प्रायमर आणि सीलर इथेही चुकत नाही. कारागीर चांगला हवा. सातपूर-अंबड पट्ट्यात पत्र्याचं काम जाणणाऱ्यांची वाण नाही, पण ‘आधी केलेलं दाखवा’ असं म्हणाच.

प्लॅस्टिकचे फेंडर फ्लेअर, म्हणजे चाकाच्या कमानीवर बाहेरून बसवायचे रुंद काठ, हा या तिन्हींना पर्याय नाही. ते कड झाकतात आणि स्क्रूसाठी नवी भोकं पाडतात. प्रत्येक भोकाला पुन्हा प्रायमर.

गाडी शहरात आणि महामार्गावर, अधूनमधून घाट, एवढीच चालत असेल तर रंग करून वर बीडिंग चालेल. दगडधोंड्यात चाक वर-खाली होणार असेल तर पुढे दुमड, मागे वेल्ड, आणि बीडिंग अजिबात नको. द्राक्षबागेच्या गाडीला तर नुसता नीट रंगच, कारण सांडलेलं मोरचूदाचं पाणी उघडं लोखंड खातं आणि बीडिंगमागे ते साचलेलं तुम्हाला दिसणारही नाही.

कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. टायरचा आकार वाढवण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारून घेतलेलं बरं. आणि कापायला दिलीत की प्रायमर त्याच दिवशी मारून घ्या. पावसाळी हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला की सकाळी कडेवर तांबूस झाक आलेली असते, ती घासल्याशिवाय पुढचं काही मारू देऊ नका.