मोफत दुरुस्तीचे पाच हजार आणि त्यानंतरचा ‘परतावा’

इंदूरच्या लोकमान्य नगरात राहणारे माझे मामा निवृत्तीनंतर दोन-तीन लहान संस्थांचे जमाखर्च लिहितात. त्यासाठी ते वापरत असलेला हिशेबाचा प्रोग्राम जुना असून डॉट नेट फ्रेमवर्कच्या (इतर प्रोग्राम ज्याच्या आधारावर चालतात अशा मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरच्या) ३.५ या आवृत्तीवर चालतो. विंडोज ११ असलेल्या त्यांच्या नव्या लॅपटॉपमध्ये ४.८ ही आवृत्ती होती, परंतु ती ३.५ ची जागा घेऊ शकत नाही, ३.५ वेगळी चालू करावी लागते, आणि तिच्या फायली सापडल्या नाहीत तर विंडोज ०एक्स८००एफ०८१एफ हा त्रुटी-क्रमांक दाखवून थांबते. मामांच्या लॅपटॉपवर नेमके हेच झाले. मार्चअखेर तोंडावर आल्यामुळे त्यांनी तो क्रमांक इंटरनेटवर शोधला आणि सर्वांत वर दिसलेल्या हेल्पलाइनला फोन केला. ती जाहिरात होती. अशा दुव्यावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते, पण ते वाचतो कोण?

फोनवरच्या माणसाने अदबशीर हिंदीत आपण अधिकृत सेवा केंद्रातून बोलत असल्याचे सांगितले आणि लॅपटॉपचा ताबा दुरून घेता येईल असे एक अ‍ॅप उतरवायला लावले. पुढचा प्रकार तपशिलाने सांगतो, कारण हे लोक बहुतेक सगळीकडे हाच प्रयोग लावतात. त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली आणि संगणक आतून पोखरला गेल्याचे सांगितले. वास्तविक अशी यादी धडधाकट संगणकावरही असते. तिच्यात हमखास आढळणाऱ्या डीकॉम १००१६ या नोंदीकडे दुर्लक्ष केले तरी चालते, असे मायक्रोसॉफ्टनेच स्पष्ट केले आहे. मग त्याने कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे टाइप करून आज्ञा देण्याच्या खिडकीत, ‘असॉक’ ही आज्ञा देऊन ८८८डीसीए६० ने सुरू होणारा एक लांब क्रमांक पडद्यावर आणला, तोच क्रमांक स्वतःच्या नोंदीतून वाचून दाखवला, आणि हा केवळ तुमच्याच लॅपटॉपचा परवाना असून त्याची मुदत संपली आहे, असे ठामपणे सांगितले. मी नंतर माझ्या संगणकावर पाहिले तर तिथेही तोच क्रमांक निघाला, कारण तो विंडोजच्या सगळ्या संगणकांवर एकच असतो. डॉट नेट फ्रेमवर्क मुळात मोफत असल्यामुळे त्याच्या परवान्याचे नूतनीकरण हा प्रकारच अस्तित्वात नाही.

मामांनी ४,९९९ रुपये यूपीआयने पाठवले. पैसे जमा झालेले नाव कोणत्याही कंपनीचे नव्हते, एका व्यक्तीचे होते. त्यानंतर त्या माणसाने विंडोजच्या इन्स्टॉलेशन फायलींतील ‘एसएक्सएस’ हा फोल्डर लॅपटॉपवर आणला, एका आज्ञेत त्याचा पत्ता दिला आणि ३.५ चालू करून दिली. दुरुस्ती खरी होती. ती कोणालाही फुकट करता येते, इतकेच. प्रोग्राम सुरू झाला, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत घातक गोष्ट हीच ठरली, कारण काम झाल्यामुळे मामांना त्या माणसाविषयी शंका उरली नाही आणि ते अ‍ॅपही लॅपटॉपवर तसेच राहिले.

एप्रिलमध्ये त्याच माणसाचा फोन आला. कंपनी बंद होत असल्याने शुल्क परत करायचे आहे, तेव्हा बँकेचे पान उघडा, असे तो म्हणाला. मामांनी लॉगिन केल्यावर त्याने पडदा काही क्षण काळा केला, आणि तो उजळला तेव्हा खात्यात ४९,९९० रुपये जमा झालेले दिसत होते. एक शून्य चुकून जास्त पडले, आता माझी नोकरी जाईल, अशी रडारड सुरू झाली आणि मामांनी दया येऊन ४४,९९१ रुपये ‘परत’ पाठवले. प्रत्यक्षात एक पैसाही आला नव्हता. ब्राउझरमधील डेव्हलपरच्या सोयी वापरून उघडलेल्या पानावरचा मजकूर कोणालाही तात्पुरता बदलता येतो; तो बदल फक्त त्या पडद्यापुरता असतो आणि पान पुन्हा लोड केले की खरा आकडा परत येतो. पैसे जमा झाल्याचा एसएमएस आलेला नाही, हे मामींच्या लक्षात आले, पण तोवर रक्कम गेली होती.

त्याच संध्याकाळी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि बँकेलाही कळवले. काही रक्कम समोरच्या खात्यात गोठवली गेली, उरलेली आधीच पुढे सरकली होती. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत त्याचे स्वतःचे असते आणि कळवल्यानंतरचे बँकेचे, त्यामुळे असे घडल्यास आधी घरात चर्चा करत न बसता फोन करावा. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत. लॅपटॉप फॉरमॅट करण्याची मात्र घाई करू नये. आम्ही तो त्यासाठी सिल्व्हर मॉल या इंदूरच्या संगणक-बाजारात नेण्याच्या तयारीत होतो, तेवढ्यात पोलिसांनी त्या अ‍ॅपमधील जोडणीच्या नोंदी मागितल्या. त्या शाबूत होत्या, म्हणून देता आल्या.