एस्ट्रोजेन जेल आणि प्रोजेस्टेरॉन कॅप्सूल : पाळी गेल्यानंतरचा माझा अनुभव

झोप परत आली. आधी हेच सांगते, कारण सगळ्या बायका पहिलं हेच विचारतात. रात्री घामाने गाऊन बदलावा लागायचा, डिसेंबरच्या थंडीतही पंखा फुल. एस्ट्रोजेन या हार्मोनचं जेल सुरू केल्यावर महिन्याभरात गरम वाफा निम्म्यावर आल्या, पुढे जवळपास थांबल्याच. चिडचिड मात्र पूर्ण गेली नाही. तिचा बराचसा भाग माझा स्वभावच निघाला.

जेल दंडाला किंवा मांडीला लावायचं, छातीला कधीच नाही. सुकेपर्यंत नातवाला कडेवर घ्यायचं नाही. पावसाळ्यात सुकायला वेळ लागतो, तेवढी एक कटकट. माझी पिशवी काढलेली नाही, म्हणून रात्री मायक्रोनाइज्ड (अगदी बारीक कणांच्या) प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे दुसऱ्या हार्मोनची, कॅप्सूलही घ्यावी लागते. नुसत्या एस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर वाढतं आणि तिथल्या कर्करोगाचा धोका वाढतो. कॅप्सूलने गुंगी येते, ती मला पथ्यावरच पडली.

आता छातीचं. सुरुवातीला पाळीच्या आधी दुखायची तशी छाती भरून यायची. कर्वे रोडवर रिक्षा खड्ड्यात आपटली की कळ यायची. डॉक्टरांनी डोस थोडा उतरवला, मग थांबलं. दुखणं म्हणजे कर्करोग नव्हे, पण गाठ, स्तनाग्रातून स्राव किंवा त्वचेला खळी दिसली तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

हार्मोन्स सुरू करण्याआधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करून घेतली होती. दोन्ही हार्मोन्सनी स्तनाची घनता वाढू शकते. दाट भाग फिल्मवर पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच. पुढच्या मॅमोग्राफीला सेंटरवर ‘कुठली औषधं चालू आहेत’ हे कुणी विचारलंच नाही. मी स्वतःहून सांगून फॉर्मवर लिहायला लावलं, जुन्या फिल्म्स समोर ठेवल्या. सोबत सोनोग्राफीही झाली.

हार्मोन्सनी स्तनाचा कर्करोग होतो, या भीतीचं मूळ २००२ चं. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासात दोन्ही हार्मोन्स घेणाऱ्यांत दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे ८ रुग्ण जास्त दिसले. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषध होतं गोळीतलं, त्यात प्रोजेस्टेरॉनऐवजी प्रोजेस्टिन हे त्याचं कृत्रिम रूप. पिशवी काढून नुसतं एस्ट्रोजेन घेणाऱ्यांत तशी वाढ दिसली नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातलं २०१९ चं विश्लेषण मात्र जास्त कडक आहे: पन्नाशीत सुरू करून ५ वर्षं दोन्ही रोज घेतली, तर सुमारे ५० बायकांमागे एक जादा रुग्ण; नुसत्या एस्ट्रोजेनला २०० मागे एक. ‘काही होत नाही गं’ म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी हा आकडा ऐकवते. ‘हार्मोन म्हणजे विषच’ म्हणणाऱ्यांनाही हाच ऐकवते.

माझं बघून सदाशिव पेठेतल्या ताईनेही विचारलं. ती पासष्टीच्या पुढची, पाळी जाऊन पंधराहून जास्त वर्षं झालेली. डॉक्टरांनी तिला साफ नाही म्हटलं: साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत सुरू केलं तरच फायद्याचं पारडं सहसा जड असतं, नंतर हृदयविकार आणि पक्षाघाताची काळजी वाढते. तिचा खरा त्रास कोरडेपणा आणि लघवीच्या जळजळीचा होता. त्यासाठी योनीमार्गात लावायचं कमी मात्रेचं एस्ट्रोजेन क्रीम दिलं. ते रक्तात फारच थोडं उतरतं. ती त्यावर खूश आहे. आमच्या नात्यातल्या एकीला आधी स्तनाचा कर्करोग होऊन गेलाय, तिला मात्र जेल-कॅप्सूल नाहीच; वाफांसाठी हार्मोन नसलेली गोळी चालू आहे.

मी पुढेही घेणार आहे. दरवर्षी डॉक्टरांसोबत बसून गरज आहे का ते बघायचं, असं ठरलंय. पुढची मॅमोग्राफी दिवाळीनंतर, फराळाच्या गडबडीत तारीख हुकू नये म्हणून आत्ताच घेऊन ठेवलीय.