खोटं पकडायचं की खरं बोलायला वाट द्यायची?

सहावीतल्या मुलीने गणिताच्या चाचणीचा पेपर दप्तराच्या तळाशी लपवला आणि तो आईच्या हाती लागला. आता दोन रस्ते.

पहिला, "पेपर मिळाला का गं?" असं माहीत असूनही विचारायचं आणि ती "नाही" म्हणाली की बोलणी, मोबाइल बंद. धाक बसतो, पण मूल लपवण्यात पटाईत होतं. 2011 मध्ये व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या मानसशास्त्रज्ञांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांची तुलना प्रसिद्ध केली. कडक शिक्षेच्या शाळेतली तीन-चार वर्षांची मुलं जास्त खोटं बोलली आणि ते निभावूनही नेऊ शकली. इतक्या लहानपणी हे, तर अकराव्या वर्षी काय!

दुसरा, "पेपर पाहिला मी. कुठे अडलं?" सापळाच नाही, मग खोटं कशाला? मला हाच पटतो. पण म्हणून सगळं माफ नाही: सही घेऊन पेपर बाईंना तिनेच द्यायचा, चुकलेली गणितं पुन्हा सोडवायची. यात वेळ जातो. शिवाय "बाबा घरी नाहीत म्हणून सांग" हे मोठ्यांनाही सोडावं लागतं.