सात लिटर, पण कशाचे?

मी आयुष्यभर हिशेब लिहिले. दुसऱ्याच्या वहीत एक आकडा चुकला तर तो सापडेपर्यंत घरी न जाणारा माणूस मी. तरी घरच्या घरी ऑक्सिजन देणारं मशीन विकणाऱ्या एकानं मला भरदिवसा, माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसवून फसवलं. लाजेपोटी वर्षभर गप्प राहिलो. परवा ओळखीतल्या एका बाईंनी तसल्याच मशीनची जाहिरात दाखवून विचारलं, "घेऊ का हो?" तेव्हा वाटलं, आता बोललंच पाहिजे.

मला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागायचा फुफ्फुसांचा जुनाट आजार. तीस वर्षं सिगारेट ओढली, त्याची ही थकबाकी. सपाट रस्त्यावर बरा असतो, पण जिन्याच्या पहिल्याच वळणावर थांबावं लागतं. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तिथे फोन काढून उगाच बघत उभा राहतो. दम लागणाऱ्या माणसांना हे फोनचं नाटक सांगायला नको. निवृत्तीनंतर हातात येणारे पैसे मोजके. त्यात रोजचा पंप, म्हणजे तोंडानं ओढायच्या औषधाचा इनहेलर, धाप लागली तर घ्यायचा दुसरा पंप आणि मधूनमधून तपासण्या. महिनाअखेरीला मी रोजचा पंप दोनदाऐवजी एकदाच ओढायचो, म्हणजे तो पुढच्या महिन्यात थोडा पुरायचा. डॉक्टरांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

अशात फोनवर जाहिरात आली. श्वास पुरत नाही? घरच्या घरी ऑक्सिजन, औषधांपासून सुटका. त्या शेवटच्या दोन शब्दांनीच माझी विकेट काढली. दर महिन्याची गळती एकदाच पैसे भरून बंद करायची, हा हिशेब मला फार पटला.

विकायला आलेला मुलगा बोलायला गोड. काका, काका करत आत आला. दार उघडायला मी आतून लगबगीनं आलो होतो, हात नुकतेच गार पाण्यानं धुतलेले. बसायच्या आत त्यानं बोटाला ऑक्सिमीटर लावला, रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा चिमटा. आकडा आला ९०. त्यानं असा चेहरा केला की आमच्या हिनं पदर तोंडाला लावला. मग मशीन सुरू झालं, नाकात नळी गेली, "आता शांत बसा काका, खांदे सैल सोडा." पाच मिनिटांनी आकडा ९५. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. नाकाशी गार झुळूक येत होती, छाती मोकळी झाल्यासारखी वाटत होती.

त्या पाच मिनिटांत नक्की काय झालं, हे मला फार उशिरा कळलं. बोटं गार असली की ऑक्सिमीटर कमी किंवा भलताच आकडा दाखवतो. आकडा स्थिर व्हायलाही थोडा वेळ द्यावा लागतो, आणि चालून आल्याबरोबर मोजलं तर माझ्यासारख्याचा तो उतरलेलाच असतो. बोटं कोमट झाली, मी खुर्चीत टेकलो, आकडा आपोआप चढला. मशीन नसतं तरी चढला असता. राहिलं बरं वाटणं. नाकावर, गालावर गार वाऱ्याची झुळूक आली की धाप लागल्याची जाणीव कमी होते, त्या हवेत जादा ऑक्सिजन असो वा नसो. हातात धरायच्या छोट्या पंख्यानंही हे होतं, आणि त्यावर रीतसर अभ्यास झालेले आहेत. म्हणजे त्यानं मला पंखा दाखवला आणि ऑक्सिजन म्हणून विकला.

मशीनवर ठळक लिहिलेलं होतं, १ ते ७ लिटर. सात लिटर! मोठ्या मशीनला म्हणे पाचच असतात. मी वॉरंटीची तारीख तपासली, बिलाची बेरीज तपासली, वायरची लांबीसुद्धा तपासली. सात लिटर कशाचे, एवढंच विचारलं नाही.

चार महिन्यांच्या औषधांचे पैसे एका दिवसात गेले. ते भरून काढायचे म्हणून मी रोजचा पंप बंदच केला. जाहिरातीनं सांगितलंच होतं, सुटका. संध्याकाळी नळी लावून सात लिटरवर तास-दीड तास बसायचो आणि उपचार चाललाय असं समजायचो. मशीनवाला हातोहात लुबाडून गेला तो गेलाच, पण खरं नुकसान या बंद केलेल्या पंपानं केलं. सात आठवड्यांनी साध्या सर्दीचं निमित्त झालं आणि एका रात्री वाक्य पुरं बोलता येईना. पाच दिवस दवाखान्यात काढले. जितकं वाचवलं होतं त्याच्या कितीतरी पट बिल झालं.

तिथल्या श्वासोपचार करणाऱ्या ताईंनी विचारलं, घरी काय काय वापरता? मी जरा ऐटीतच मशीनचं सांगितलं. त्या म्हणाल्या, घेऊन या. मुलीनं आणलं. एका हातानं उचलून आणलं, तिथेच ताई हसल्या. पाच लिटरचं खरं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन, साधारण चौदा ते वीस किलोचं असतं. त्यांनी नळीला ऑक्सिजनचं प्रमाण मोजायचं यंत्र जोडलं. एक लिटरवर नव्वदच्या आसपास. तीनवर पन्नासच्या खाली. सातवर तीस टक्के. आपण फुकट घेतो त्या हवेत २१ टक्के असतो.

त्यांनी कागदावर काढून समजावलं. मशीनमध्ये झिओलाइट नावाचे खडे असतात. दाबाखाली हवा त्यांच्यातून गेली की ते नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. खडे थोडे आणि कॉम्प्रेसर छोटा असेल तर मिनिटाला लिटरभर ऑक्सिजनच नीट गाळून निघतो. बटण सातवर फिरवलं की उरलेली सहा लिटर जवळपास साधी हवाच येते. म्हणजे लिटर हा वेग झाला, शुद्धता नव्हे. चांगलं मशीन पूर्ण वेगावरही ९० टक्क्यांच्या आसपास टिकतं. विकणाऱ्याला विचारायचा प्रश्न एकच: सगळ्यात जास्त लिटरवर किती टक्के? आणि तोंडी उत्तर नको, मोजून दाखव म्हणायचं.

खरी चपराक पुढेच होती. दवाखान्यातून सोडायच्या आधी आणि पुन्हा काही आठवड्यांनी माझं रक्त तपासलं. बसल्या जागी माझा ऑक्सिजन ९४. मला ऑक्सिजनची गरजच नव्हती! धाप लागणं आणि रक्तात ऑक्सिजन कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझी हवा आत अडकते, नीट बाहेर जात नाही, म्हणून दम लागतो. घरच्या ऑक्सिजनचा फायदा १९८० आणि १९८१ सालच्या दोन महत्त्वाच्या अभ्यासांत दिसला, तो बसल्या जागीही ज्यांचा ऑक्सिजन फार कमी असतो त्यांना, साधारण ८८ किंवा त्याहून खाली, आणि तोही दिवसाला निदान १५ तास घेतला तर. थोडासाच कमी असलेल्या ७३८ रुग्णांवरचा अभ्यास २०१६ साली आला, त्यांना काही फायदा झालेला दिसला नाही. उलट सीओपीडीच्या काही रुग्णांत ऑक्सिजन जास्त झाला तर कार्बन डायऑक्साइड साठतो, म्हणून दवाखान्यातही ८८ ते ९२ वर ठेवायचा बेत असतो. हे मशीन खरं सात लिटरचं निघालं असतं तर? मी तो विचार फार करत नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. काका काका करणाऱ्याचा नंबर बंद. बिल नीट वाचलं तर वस्तूचं नाव 'आरोग्य उपकरण', आणि पुस्तिकेच्या मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत, 'वैद्यकीय वापरासाठी नाही'. तक्रार करायला गेलो तर हेच वाक्य माझ्यापुढे ठेवलं गेलं. हिशेबनिसानं मागचं पान वाचलं नव्हतं.

आता काय करतो, तेही सांगतो. डॉक्टरांसमोर खर्चाचं गाठोडं एकदाचं उघडलं. त्यांनी त्याच घटकाचा स्वस्त पंप लिहून दिला आणि दोन गोळ्या चक्क कमी केल्या. इतकी वर्षं का बोललो नाही, देव जाणे. ताईंनी पंप ओढायला लावला तेव्हा कळलं की निम्मं औषध माझ्या घशातच चिकटत होतं. दाबायचं आणि त्याच वेळी हळू, खोल ओढायचं, मग दहा आकडे श्वास धरायचा. मी फसकन दाबून भसकन ओढत होतो. पंप आणि तोंडाच्या मध्ये स्पेसर, म्हणजे औषधाचा फवारा क्षणभर धरून ठेवणारी पोकळ नळी, लावला की ही कसरत सोपी होते. विकतचा परवडत नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीचा करता येतो. बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडून पंप घट्ट बसवायचा. दक्षिण आफ्रिकेत दम्याच्या मुलांवर १९९९ साली झालेल्या अभ्यासात अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच कामाची ठरली. पण आधी डॉक्टरांना दाखवून घ्यावी.

धाप लागली की टेबलावर कोपर टेकून पुढे वाकतो, नाकानं श्वास घेतो आणि मेणबत्तीची ज्योत न विझवता नुसती हलवायची असल्यासारखे ओठ करून दुप्पट वेळ सोडतो. रोज चालतो, दम लागेपर्यंत, मग थांबतो, मग पुन्हा. सुरुवातीला भीती वाटायची. आता जिन्याचं दुसरं वळण गाठतो. फोन अजून काढतो, सवयीनं. आणि उशाशी छोटा पंखा असतो.

मशीन कोपऱ्यात पडून होतं. मुलीनं हौसेनं 'विकणे आहे' असं टाकलं, मला न विचारता. दुसऱ्याच दिवशी एका गृहस्थांचा फोन, वडिलांसाठी हवं होतं. मी सगळं सांगितलं, सातवर तीस टक्के, खडे, पंखा, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ते ठीक आहे हो काका. चालू आहे ना पण?"